दोन ठोक्यांचं उत्तर

दिवा राहू दे तसाच बारीक. आणि ते हेडफोन काढा आधी, तिघांनीही. खालून तुझी आई मघापासून हाका मारतेय, ऐकू आलं का? नाही ना. मग जा, जिन्यात उभा राहून ओ दे आणि ये. दार लावायचं असेल, नाहीतर दूध आत ठेवायचं असेल, काय असेल ते असू दे. पण आधी ओ दे. तू येईपर्यंत मी काही बोलत नाही.

आलास? बस.

तर तुम्ही मला विचारत होतात, रेकॉर्ड केलेला आवाज कॉम्प्युटरवर नीट करायला फुकटातले कुठले प्लगिन चांगले म्हणून. अरे, मी माइक आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, पण तेवढं मलाही कळतं. तुम्हाला हवेत दोन. एकाने आवाज डावीकडे-उजवीकडे पसरवायचा, म्हणजे एकाच माइकवर घेतलेलं वाजवणंसुद्धा खोलीभर झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्याने ठोक्याला आकार द्यायचा. काठी पडते तो पहिला ‘टक्’ एका नॉबने कमी-जास्त करायचा, आणि मागे रेंगाळतो तो घुमारा दुसऱ्या नॉबने. दोन्ही फुकट मिळतात, आणि फुकट ते पौष्टिक. वापरा खुशाल, माझी काही ना नाही.

फक्त एक सांगा. बंद असलेल्या प्लगिनचा नॉब फिरवून ‘वा, आता कसं बरं वाटतंय’ असं किती जण म्हणालात आजवर? हसू नका, हात वर करा. तिघंही? मलाही धरा चौथा. आधी कसं होतं आणि आता कसं वाटतंय ते ताडून बघायला आपण प्लगिन बंद करतो, परत चालू करायला विसरतो, आणि मग अर्धा तास बंद प्लगिनचा कान पिळत बसतो. डोळ्याला नॉब फिरताना दिसतो, आणि कान बिचारा डोळ्याच्या होला हो मिळवतो. या धंद्यात असा माणूस नाही ज्याने हे केलं नाही. लक्षात आलं की स्वतःला दोन शिव्या घालायच्या आणि विसरून जायचं.

माझा एक मित्र मात्र विसरू शकला नाही. त्याची गोष्ट आहे ही. बरीचशी त्याच्या तोंडून ऐकलेली, पण शेवटचं मी स्वतः पाहिलं आणि स्वतः ऐकलं.

मी त्या संध्याकाळी त्याच्याकडे दोन माइक पोहोचवायला गेलो होतो, एवढंच काम होतं. लहान माइकची जोडी होती. एकाची वायर आतून सुटली होती, ती मी डाग देऊन जोडली होती. त्याचं घर गल्लीच्या टोकाला. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत नवरा-बायको झोपायचे आणि दुसरीत याचं काम चालायचं. दुकानांच्या जाहिराती, शाळेची नाटकं, पोरांची गाणी, जे येईल त्याचा आवाज हा नीट करून द्यायचा.

आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. उगाच नाही. पंखा बंद पडायच्या आठवडाभर आधी हा सांगायचा, याचं बेअरिंग चाललं. माझ्या दुकानात आला की बसायच्या आधी म्हणायचा, तुझ्या ट्यूबलाइटचा चोक कुरकुरतोय. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. बोलायला फटकळ, पण मनात काही नाही. ती आम्हाला चहा देताना हसत म्हणायची, ‘यांना साऱ्या जगाचं ऐकू येतं हो, घरातलं सोडून.’

आता तुम्हीच बघा ना, हा कायम हेडफोन घालून बसलेला. हाक मारली तर पोचणार कशी? शिवाय माइक चालू असला तर हाक रेकॉर्ड व्हायची आणि याची चिडचिड. मग त्या दोघांनी एक रीत काढली. मधे एकच भिंत. याचं टेबल त्या भिंतीला लावलेलं, आणि पलीकडे तिचा पलंगही त्याच भिंतीला, उशी याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्याकडे. वहिनीने पलंगावरून दोन ठोके द्यायचे. दोन म्हणजे ‘या’. चहा झाला, फोन आला, जेवायला चला, सगळ्याला दोनच. ते टेबलातून याच्या कोपराला जाणवायचे. मग याने खुर्चीतून हात उंच करून, स्क्रीनच्या बरोबर वर, एक ठोका द्यायचा. एक म्हणजे ‘ऐकलं’. वहिनी म्हणायची, ‘आलो म्हणायची यांची हिंमत नाही, तेव्हा नुसतं ऐकलं म्हणतात.’ अर्धा तास उशिरा का होईना, जायचा मात्र.

वहिनी वाळत चालली होती तशी तिची अंगठी सैल झाली होती, म्हणून ती मधल्या बोटात घालायची. ठोका देताना त्या अंगठीची कड रंगावर लागायची. तिच्या उशीजवळच्या भिंतीवर त्याच्या खुणा उठल्या होत्या, नखाएवढ्या, अर्ध्या चंद्राच्या. शंभरेक सहज असतील. कानसेन कुरकुरायचा की भिंतीचं वाटोळं केलं. ती म्हणायची, तुम्ही पहिल्या ठोक्याला आलात तर दुसरी खूण कशाला उठेल? आणि याच्या बाजूची भिंत कोरी. याच्या बोटात काही नसायचंच.

वहिनी गेली ती उन्हाळा लागता लागता. रात्री झोपली आणि सकाळी उठली नाही. भिंतीकडे तोंड होतं, हात भिंतीला टेकलेला. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. झोपेत गेली, तिला काही कळलंसुद्धा नसेल, असं आम्हीच एकमेकांना सांगत होतो, आणि कानसेन तेच धरून बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच वाक्य सांगायचा. मुलीचा परगावाहून फोन आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. ती रडत विचारत होती, आईने तुम्हाला हाक नाही का मारली? हा म्हणाला, ‘नाही गं. मी जागाच होतो, इथेच, पलीकडे. मारली असती तर ऐकू आली असती.’ वहिनीच्या बोटांच्या पेरांना पांढरं काहीतरी लागलं होतं, ते त्याने रुमालाने हळूच पुसलं होतं. त्याला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही.

मुलगी आली, राहिली, आईची अंगठी आठवण म्हणून घेऊन परत गेली. हा एकटा उरला. ती खोली त्याने लावून घेतली आणि कामाच्या खोलीतच सतरंजीवर झोपायला लागला.

तर मी माइक घेऊन गेलो ती संध्याकाळ पावसाळ्यानंतरची. दार उघडंच होतं. कानसेन खुर्चीत बसलेला, दाढी वाढलेली, समोरचा स्क्रीन बंद. माइक हातात घेतले आणि म्हणाला, बस जरा.  खाली सायकलवाल्याने दुकान बंद केलं, शटर ओढल्याचा आवाज आला, तेव्हा बोलायला लागला.

ती गेली त्या रात्री तो एका पोराचं गाणं करत होता. त्या पोराने लाकडी खोक्यावर बसून ताल धरला होता, एकाच माइकवर. कानसेनने तो पसरवणारा प्लगिन लावला, खोकं जरा रुंद केलं. मग हेडफोनमध्ये त्याला मधेच एक जास्तीचा आवाज आला. ठक ठक. तालात न बसणारा, डावीकडून. त्याला वाटलं पोराचा पाय माइकच्या स्टँडला लागला असेल, आणि रुंदी वाढवल्यामुळे तो आवाज कडेला फेकला गेला असेल. असं होतंच ना? तुम्हीही हेच म्हणाला असता. तो खुर्चीत मागे रेलला होता, कोपर टेबलाला टेकलेलं नव्हतं, आणि रात्र बरीच झाली होती, त्याच्या हिशेबाने वहिनी केव्हाच झोपली होती. मग त्याने दुसरा प्लगिन उघडला, ठोक्याचा, आणि पहिल्या ‘टक्’चा नॉब खाली आणायला सुरुवात केली. पुन्हा आलं, ठक ठक, पण जरा मऊ. अजून खाली आणला, तर अजून मऊ. असं करत करत ठोका विरघळला. राहिलाच नाही. याला एवढा आनंद झाला की त्याने लगेच मला मेसेज केला.

तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. ‘फुकटचं आहे पण सोन्यासारखं काम करतंय. ठोका पार घालवला बघ.’ मी त्यावर एक अंगठा पाठवून दिला होता आणि झोपलो होतो.

आता त्या पोराचा पुन्हा फोन आला होता. काका, ते खोकं जरा वर घ्या ना. म्हणून कानसेनने इतक्या महिन्यांनी ती फाइल उघडली. बघतो तर ठोक्याच्या प्लगिनचा दिवा बंद. म्हणजे ताडून बघायला बंद केला होता आणि चालू करायचा राहिला होता. तो स्वतःशीच हसला म्हणे. चालू केला. मग त्याला वाटलं, बघू तरी तो जास्तीचा ठोका कसा होता. प्लगिन काढून टाकला. ठोका नाही. रुंदीचा काढला. ठोका नाही. नुसतं खोक्याचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा नाही, कितीतरी वेळा. त्यात तो ठोका नव्हताच.

मग त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

‘प्लगिन बंद होता,’ तो मला म्हणाला. ‘मी नॉब खाली आणत होतो, आणि ठोका खरंच कमी होत होता.’

मला कळलं होतं. पण त्याला ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं.

‘तिची ताकद संपत चालली होती रे. आणि मला वाटलं, माझा हात बसला.’

पोरांनो, मी आयुष्यात बरीच माणसं पोचवली आहेत. आई-वडील पोचवले, पाठचा भाऊ पोचवला. पण त्या एका वाक्याने मी जेवढा रडलो तेवढा कशानेच नाही. आम्ही दोघं म्हातारे त्या खोलीत बसून लहान पोरांसारखे रडलो, आणि रडून काही हलकं वाटलं नाही.

थोड्या वेळाने त्याने तोंड धुतलं आणि माइक कशाला हवेत ते सांगितलं. बसल्यावर त्याचे कान जिथे येतात तिथे, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, दोन माइक उभे करायचे. रेकॉर्डिंग सुरू करायचं. मग पलीकडे जाऊन, तिच्या पलंगावर पडून, तिने दिले असतील तसे ठोके द्यायचे. आधी जोरात, मग हळूहळू कमी. आणि सकाळी ऐकायचं की इथे काय पोचतं. ‘ऐकू येण्यासारखं होतं का, ओळखता येण्यासारखं होतं का, ते मला बघायचंय,’ म्हणाला.

बैल गेला आणि झोपा केला, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण असलं काही तोंडावर म्हणतात का? मी एवढंच म्हटलं की ऐकू येण्यासारखं निघालं तर तू खचशील, आणि नाही निघालं तर तुझा विश्वास बसणार नाही. मग कशासाठी? तो म्हणाला, मोजल्याशिवाय मला झोप नाही. आवाजाच्या माणसाला दुसरा न्याय कुठला माहीत असणार? मी माझ्या हाताने ते माइक लावून दिले, वायरी जोडून दिल्या. रात्री थांबू का विचारलं, तर नको म्हणाला. तुझा श्वास रेकॉर्डिंगमध्ये येतो. हे मात्र खरं होतं, तो मला वीस वर्षं हेच सुनावत आला होता. मी घरी गेलो.

आता त्या रात्रीचं सांगतो. जवळ सरका हवं तर, पण मधे बोलू नका.

बुधवार होता. अमावस्या नाही, काही नाही, साधा बुधवार. रात्रीचा सव्वा वाजला होता. गल्लीतली शेवटची मोटरसायकल जाऊन दार लागेपर्यंत तो थांबला होता. मग त्याने पंखा बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचा प्लग काढला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून खिशात टाकला. रेकॉर्डिंग सुरू केलं, हेडफोन टेबलावर ठेवले, आणि खोलीचं दार आपल्यामागे ओढून घेतलं.

पलीकडची खोली कित्येक महिने बंद होती. त्याने दिवा लावला नाही. चाचपडत पलंगापर्यंत गेला. तिच्या बाजूला आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता म्हणाला. गालाजवळ भिंत. बोटांनी चाचपलं तर त्या खुणा लागल्या, एकीला लागून एक.

त्याने ठोके दिले. दोन, नीट जोरात.

थांबला.

पुन्हा दोन. थोडे हळू.

घरात एवढी शांतता होती की त्याला स्वतःच्या गळ्यातली नाडी ऐकू येत होती. तो आठवत होता. नॉब कुठे होता तेव्हा ठोका कसा होता... मग कुठे आणला... मग कसा झाला. बरोबर तसेच तो देत गेला. दर वेळी थोडे कमी. हात मुद्दाम सैल सोडत गेला.

आणि मधे केव्हातरी ती चाचणी राहिली नाही.

त्याला कळलं, असं पडल्यावर कसं वाटतं. आपण इथे. माणूस पलीकडे, हाताच्या अंतरावर. जागा आहे. खुर्चीत बसलेला आहे. एक ठोका दे. नुसता एक. येऊ नकोस हवं तर. ऐकलं म्हण...

तो मोजत नव्हता आता. बोलावत होता.

दोन. हळू.

काही नाही.

दोन. त्याहून हळू.

काही नाही.

मग त्याच्या हातात काहीच राहिलं नाही. तळहात गादीवर पडला होता. नुसती दोन नखं भिंतीला टेकवली. टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली. त्याचा आवाज त्याला स्वतःलाही आला नाही.

...

आणि पलीकडून एक ठोका आला.

एकच.

...

तिकडे कोणी नव्हतं. दार याने ओढलं होतं. जिन्याचं दार आतून लावलेलं होतं. खाली दुकान बंद.

मी त्याला नंतर विचारलं, तू उठला का नाहीस? धावत जाऊन बघितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘मी उठून गेलो असतो तर तिकडे कोणी नसतं.’

म्हणून तो उठला नाही. तळहात भिंतीला लावला आणि तसाच पडून राहिला, उजाडेपर्यंत. झोपला नाही. 

सकाळी मला फोन आला, ये. बाकी काही सांगितलं नाही. मी पोचलो तेव्हा तो जिन्यातच बसला होता. खोलीत पाय ठेवला नव्हता. रात्रभर रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. मीच ते थांबवलं, त्याच्या खुर्चीत बसलो आणि हेडफोन चढवले. तो दारातच उभा राहिला.

तुमच्याकडे तो आवाज कुठे बसलाय ते रेघेने दाखवणारा प्लगिन आहे ना? डावीकडचा आवाज असला की रेघ डावीकडे कलते, मधला असला की उभी राहते. तोही फुकटच मिळतो. मी तो उघडून ठेवला. पहिले दोन ठोके आले. भिंतीतून आलेले, दबके, आणि रेघ डावीकडे कललेली, तिची उशी होती त्या बाजूला. सगळं जसं असायला हवं तसं.

तो दारातून म्हणाला, ‘येतात ऐकू?’

मी खोटं बोलू शकलो असतो. बोललो नाही. म्हटलं, पहिले येतात.

त्याने मान हलवली. त्याला ते आधीच माहीत होतं.

ठोके कमी होत गेले, रेघ बारीक होत गेली. शेवटी तर नुसती माइकची सरसर. नखांचे ते दोन ठोके रेकॉर्डिंगमध्ये नव्हतेच. मी आवाज वर केला, अजून वर केला, सरसर पावसासारखी कानावर कोसळायला लागली, पण त्यात ठोका म्हणून काही नाही. माझे माइक आहेत ते. चांगले माइक आहेत. त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते.

आणि मग तो एक ठोका आला. मी हेडफोन फेकूनच दिले कानावरून.

दबका नव्हता. मधे भिंत नव्हती. या खोलीतला होता, जवळचा, आणि रेघ डावीकडे कललेली नव्हती. सरळ उभी होती. म्हणजे खुर्चीच्या बरोबर समोर. स्क्रीनच्या वर. तो आयुष्यभर जिथे उत्तर द्यायचा तिथे.

मी संशयी माणूस आहे. आधी वायरी तपासल्या, डावी-उजवी उलटी तर लागली नाही ना. नव्हती. मग तेवढाच ठोका कापून घेतला आणि त्यावर तो ठोक्याचा प्लगिन लावला, तोच, फुकटचा. पहिल्या ‘टक्’चा नॉब वर नेला. आणि दिवा चालू आहे ना ते बघितलं. एकदा नाही, तीनदा बघितलं, स्क्रीनवर बोट ठेवून बघितलं.

चालू होता.

नॉब वर गेला तशी ठोक्याच्या आधी एक बारीक किणकिण पुढे आली. केसाएवढी. धातू रंगाला लागल्यावर होते ती. मी ती ऐकली आणि मागे वळून त्याच्या हातांकडे बघितलं. त्याचे हात रिकामे होते, नेहमीसारखे.

मी हेडफोन त्याच्यापुढे धरले. तो दारातून आत आला, उभ्यानेच ऐकलं. मग खिशातून फोन काढून मुलीला लावला आणि सकाळी सकाळी फक्त एवढंच विचारलं, आईची अंगठी कुठे आहे गं? ती म्हणाली, माझ्याकडे कपाटात आहे, बाबा. काय झालं? तो म्हणाला, काही नाही, सहज आठवली.

फोन ठेवून तो खाली सतरंजीवर बसला. म्हणाला, ‘मी तिचा पहिला ऐकला नाही. तिने माझा शेवटचा ऐकला.’

मग रडला नाही.   म्हटलं, आता बंद करावं आणि याला बाहेर चहाला न्यावं. स्क्रीन बंद करायला हात पुढे केला तर बोटाला काहीतरी लागलं. स्क्रीनच्या वरच्या कडेवर पांढरी पूड पडली होती, चिमूटभर. थोडी खाली कीबोर्डवर सांडलेली.

मी वर बघितलं.

त्याच्या बाजूची ती भिंत इतकी वर्षं कोरी होती, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं. पलीकडे वहिनीच्या उशीजवळ शंभरेक असतील. इकडे एकच होती. नखाएवढी, अर्ध्या चंद्राची, कडा अजून ओल्या रंगाच्या वाटाव्यात इतकी ताजी.